मामाचा दगड आणि एक्स-रे

(हा आमच्या एपिसोडचा लिखित मजकूर आहे. बोलताना जसं आलं तसंच बरंचसं ठेवलंय.)

 

आज मी एका दगडाची गोष्ट सांगणार आहे. वजन पाऊण किलो. रंग काळपट, मधेमधे गंजासारखा तांबूस. एक बाजू सपाट, दुसरी बशीसारखी फुगीर. लोहचुंबक लगेच चिकटतो. या दगडापायी माझ्या मामीची पोत गहाण पडली, आणि त्यात माझा हात होता. म्हणून हा एपिसोड थोडा कबुलीजबाबासारखा आहे.

आधी माझ्याबद्दल थोडं. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर. पुण्यात नोकरी. आजोळ बुलढाणा जिल्ह्यात, लोणारपासून फार लांब नाही. आमच्या भागात उल्का म्हणजे काय हे कुणाला शिकवावं लागत नाही. लोणारचं सरोवर प्रत्येकानं शाळेच्या सहलीत पाहिलेलं असतं. जवळजवळ 1.8 किलोमीटर रुंदीचा खड्डा, तोही आपल्या काळ्या बेसॉल्टमध्ये, आकाशातून काहीतरी आदळून झालेला. त्यामुळे शेतात नांगराला विचित्र दगड लागला की कुणीतरी म्हणणारच, 'अरे, हा तर वरचा दिसते!'

मामाला तसाच दगड सापडला. आणि काही दिवसांनी त्याला एक 'पार्टी' सापडली. म्हणजे पार्टीनंच मामाला शोधलं. त्या माणसाचं म्हणणं असं, की ही लोखंडी उल्का आहे, परदेशात गिऱ्हाईक तयार आहे, भाव कोटीत. फक्त आधी 'टेस्टिंग आणि सर्टिफिकेट' करावं लागेल. खर्च एक लाख वीस हजार. विश्वास बसावा म्हणून त्यानं पिस्तुलासारखं दिसणारं एक यंत्र आणलं, दगडावर टेकवलं, ट्रिगर दाबला, आणि अर्ध्या मिनिटात स्क्रीनवर आकडे आले. लोह 93.8 टक्के. कोबाल्ट 0.6 टक्के. मँगनीज थोडं. निकेलपुढे 'एनडी'.

मामानं स्क्रीनचा फोटो मला व्हॉट्सअॅपवर पाठवला आणि फोन केला. 'बापू, तुले समजते त्यातलं. पाह्य बरं जरा, खरं हाये का?'

मी ऑफिसात होतो. डाव्या हातात चहा, उजव्या हातात फोन. फोटो पाहिला, पटकन गुगल केलं. लोखंडी उल्का म्हणजे मुख्यतः लोह, थोडं निकेल, थोडं कोबाल्ट. लोह आहे, कोबाल्ट आहे. मी म्हणालो, 'मामा, रिपोर्ट तर बरोबर दिसतोय.'

पाच शब्द. त्या रात्री मामीची पोत पतपेढीत गेली, आणि पहिला हप्ता म्हणून पंधरा हजार त्या माणसाच्या हातात.

मला हे चार दिवसांनी कळलं. मामीचाच फोन आला. रागावली नव्हती. एवढंच म्हणाली, 'तू म्हनला ना बरोबर हाये, म्हनून मी देली काढून.' मंडळी, त्या वाक्यानंतर मला झोप लागली नाही. मी पुन्हा तो फोटो उघडला, आणि पहिल्यांदा नीट वाचला. 'एनडी' म्हणजे नॉट डिटेक्टेड. निकेल सापडलंच नाही. आणि लोखंडी उल्केत निकेल साधारण 5 टक्क्यांहून जास्त असतं. म्हणजे चिमूटभर नाही, भरपूर. ते नसेल, तर ही कसली उल्का?

पण मग कोबाल्ट कुठून आलं? यंत्र खोटं बोलत होतं का?

इथून माझा अभ्यास सुरू झाला.

त्या पिस्तुलासारख्या यंत्राला म्हणतात एक्सआरएफ, म्हणजे एक्स-रे फ्लुओरेसन्स. भंगार व्यापारी, सराफ, खाणवाले, सगळे वापरतात. ते कसं चालतं? एसटी आठवा. खच्चून भरलेली. खिडकीजवळचा माणूस उठला की उभ्यापैकी कुणीतरी त्या सीटवर झेप घेतो. अणूतही तसंच. यंत्रातला एक्स-रे अणूच्या अगदी आतल्या कक्षेतला इलेक्ट्रॉन उडवतो. जागा रिकामी होते. बाहेरचा इलेक्ट्रॉन तिथे उडी मारतो, आणि उडी मारताना जास्तीची ऊर्जा एका नव्या एक्स-रेच्या रूपात बाहेर टाकतो. ही ऊर्जा प्रत्येक मूलद्रव्याची ठरलेली असते. लोहाची मुख्य रेषा 6.40 किलोइलेक्ट्रॉनव्होल्टला, कोबाल्टची 6.93 ला, निकेलची 7.48 ला. यंत्र फक्त मोजतं, की कुठल्या ऊर्जेचे किती एक्स-रे आले.

हा नियम कुणी शोधला माहितीये? हेन्री मोझली. 1913 साली त्यानं एकामागून एक मूलद्रव्यांचे एक्स-रे मोजले आणि दाखवलं, की ही ऊर्जा अणुक्रमांकाबरोबर अगदी शिस्तीत वाढत जाते. त्या काळी कोबाल्ट आणि निकेल यांचा क्रम कोड्यात टाकणारा होता, कारण कोबाल्टचा अणुभार निकेलपेक्षा किंचित जास्त आहे. मग आधी कोण? मोझलीच्या मोजणीनं सांगितलं, कोबाल्ट 27, निकेल 28. वाद संपला. पुढे पहिल्या महायुद्धात, 1915 मध्ये, गॅलिपोलीला तो मारला गेला. वय 27. म्हणजे आत्ता मी जेवढा आहे तेवढा. हे वाचताना मी जरा थांबलो होतो.

तर मामाच्या दगडाचा सगळा घोळ याच दोन शेजाऱ्यांत होता. लोहाची एकच रेषा नसते. 6.40 ची मोठी, आणि 7.06 ची एक लहान. ती लहान रेषा कोबाल्टच्या 6.93 ला अगदी खेटून. नमुन्यात लोह भरमसाट असेल तर लोहाच्या धाकट्या रेषेचा पसारा कोबाल्टच्या खिडकीत शिरतो, आणि यंत्रानं नीट वजाबाकी केली नाही तर नसलेलं कोबाल्ट दिसायला लागतं.

आणि लोह 93.8 टक्के? त्यातही मेख होती. ते यंत्र 'अलॉय मोड'वर होतं, म्हणजे मिश्रधातू तपासायच्या सेटिंगवर. या सेटिंगमध्ये यंत्र धरूनच चालतं, की समोर शुद्ध धातू आहे, आणि दिसलेल्या धातूंची बेरीज शंभर करून टाकतं. ऑक्सिजन अशा यंत्राला दिसतच नाही, त्याचे एक्स-रे इतके अशक्त असतात की हवेतच विरतात. सिलिकॉनची अवस्थाही फार बरी नसते. म्हणजे दगडात निम्मा भाग दुसरंच काही असलं तरी यंत्र छातीठोकपणे सांगणार, लोह 93.8!

आकडा यंत्राचाच होता, कुणी हातानं टाईप केलेला नव्हता. फक्त यंत्राला भलताच प्रश्न विचारला होता. आणि मी, रोज ऑफिसात ज्युनिअरला 'आधी कॉन्फिग बघ' म्हणून ओरडणारा माणूस, कॉन्फिग न बघता 'बरोबर दिसतोय' म्हणालो होतो.

मी शनिवारी गावी गेलो. मामाला म्हणालो, दगडाचा छोटा तुकडा दे, प्रयोगशाळेत नेतो. मामा तयार होईना. 'फोडू काहून? त्या मानसानं सांगतलं, तुकडा पडला की भाव पडला.' बघा, काय सोय लावून ठेवली होती! जी तपासणी त्याला उघडं पाडेल, त्या तपासणीलाच आधी कुलूप. शेवटी मामीनं चुलीजवळून हातोडी आणून माझ्या हातात दिली. काही बोलली नाही. मामा अंगणात जाऊन उभा राहिला. मी कडेचा एक तुकडा पाडला, सुपारीएवढा. आतून दगडात बारीक बारीक भोकं होती, बुडबुड्यांसारखी.

ओळखीतून एका कॉलेजच्या भूशास्त्र विभागात वेळ मिळाली. तिथल्या मॅडमनी तुकडा हातात घेतला, भोकं पाहिली आणि हसल्या. पण निकाल सांगितला नाही. म्हणाल्या, 'दोन्ही करू. एक्सआरएफ आणि एक्सआरडी. एकट्या कुणावर विश्वास ठेवायचा नसतो.'

मी विचारलं, दोन्हीत फरक काय? त्यांनी दिलेलं उदाहरण मी जन्मभर विसरणार नाही. 'रवा, साखर, तूप, वेलची. ही किराणा यादी. यावरून सांगा, घरात शिरा केलाय की रव्याचे लाडू?' नाही सांगता येत. एक्सआरएफ म्हणजे किराणा यादी. कुठली मूलद्रव्यं, किती. एक्सआरडी, म्हणजे एक्स-रे डिफ्रॅक्शन, सांगतं की त्या सामानाचा पदार्थ काय झालाय. अणू कसे रचलेत.

याचं अस्सल उदाहरण आपल्या पुण्याजवळच आहे. वाघोलीच्या दगडखाणीत कॅव्हन्साइट नावाचं झगझगीत निळं खनिज सापडतं, जगभरचे संग्राहक त्यासाठी वेडे आहेत. तिथेच पेंटागोनाइट नावाचं दुसरं निळं खनिजही मिळतं. दोघांचं रासायनिक सूत्र अगदी एकच. कॅल्शियम, व्हॅनेडियम, सिलिकॉन, ऑक्सिजन, पाणी, सगळं त्याच प्रमाणात. किराणा यादी शब्दशः सारखी. फरक एवढाच, की अणूंची जाळी वेगळी विणलीय. एक्सआरएफ इथे हात टेकणार. एक्सआरडी वेगळे सांगणार.

आता एक्सआरडी कसं चालतं? स्फटिकात अणू थरावर थर, ठरावीक अंतरावर बसलेले असतात. एक्स-रे आत गेला की प्रत्येक थर थोडाथोडा परतवतो. भजनातले टाळ आठवा. सगळे एका ठेक्यात वाजले तर देऊळ दणाणतं. जो तो आपल्या वेळेला वाजवायला लागला तर नुसता गोंगाट. थरांवरून परतलेले किरण एखाद्या ठरावीक कोनातच एका ठेक्यात येतात, तिथे यंत्राला उंच टोक दिसतं. बाकी कोनांत ते एकमेकांना खोडतात. कोन मोजा, थरांमधलं अंतर कळतं. एवढंच.

1912 मध्ये जर्मनीत माक्स फॉन लाउए यांच्या सूचनेवरून मोरचुदाच्या, म्हणजे कॉपर सल्फेटच्या, स्फटिकातून एक्स-रे पाठवले गेले आणि फोटोप्लेटवर ठिपके उमटले. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये लॉरेन्स ब्रॅग नावाच्या 22 वर्षांच्या मुलानं त्या ठिपक्यांमागचा साधा नियम मांडला. 1915 चं नोबेल त्याला आणि त्याच्या वडिलांना मिळून मिळालं. तेव्हा तो 25 चा होता. (मी 25 चा असताना बटणाचा रंग बदलायचं तिकीट बंद करत होतो. असो.)

प्रयोगशाळेत आम्ही तुकडा अकीकाच्या खलात घोटला. अकीक कशाला, तर तो इतका टणक की स्वतः झिजून नमुन्यात मिसळत नाही. मैद्यासारखी पूड हवी, म्हणजे त्यातले लाखो कण सगळ्या दिशांना तोंड करून बसतात आणि कुठलाच कोन सुटत नाही. पूड एका छोट्या तबकडीत सपाट दाबली. अर्धा-पाऊण तास यंत्र हळूहळू कोन बदलत राहिलं आणि स्क्रीनवर टोकांची रांग उभी राहत गेली.

मग सॉफ्टवेअर ती रांग हजारो खनिजांच्या नोंदींशी ताडून बघतं. गाणं ओळखणारं ॲप कसं चार सेकंदांत सांगतं, तसंच. मी तर खुर्ची ओढून पुढेच बसलो. उमेदवारांच्या यादीत एक नाव दिसलं आणि माझं काळीज धडधडलं. लोह! धातुरूप लोह! 44.7 अंशांजवळ एक टोक, आणि उल्केतल्या लोहाचं, कॅमेसाइटचं, मुख्य टोकही तिथेच येतं. मी जवळजवळ ओरडलो, 'मॅडम, म्हणजे उल्का असू शकते?'

खरं सांगतो, त्या क्षणी मी पण कोटीत पोचलो होतो. मामीची पोत, मामाचं कर्ज, सगळं मनातल्या मनात फिटलं होतं. त्या माणसाचं जाळं एवढं का चालतं, हे मला तेव्हा कळलं. आपल्याला हवं ते टोक आपल्याला आधी दिसतं.

मॅडम शांतपणे म्हणाल्या, 'आधी मोठी टोकं समजून घ्या. मग छोट्याकडे या.'

मोठी टोकं दोन गटांची होती. एक गट फायलाइटचा, म्हणजे लोहाचं सिलिकेट. दुसरा वुस्टाइटचा, म्हणजे लोहाचा एक ऑक्साइड, 42 अंशांजवळचं ठसठशीत टोक त्याचंच. आणि या सगळ्याखाली एक पसरट उंचवटा, टोक नसलेला. तो काचेचा. काचेत अणूंना शिस्त नसते, म्हणून ठेका जमत नाही, नुसता फुगवटा येतो.

फायलाइट, वुस्टाइट, काच, आणि मधे अडकलेले लोखंडाचे बारीक मणी. शेजारच्या एक्सआरएफ यंत्रावर, दगडांसाठीच्या योग्य सेटिंगवर, किराणा यादी आली: लोहाचा ऑक्साइड सुमारे 62 टक्के, सिलिका सुमारे 24, आणि निकेल मोजता येण्याइतकंही नाही. कोबाल्टही गायब.

आता जोडून बघा. नुसतं एक्सआरएफ पाहिलं असतं तर 'लोहच लोह' म्हणून फसलो असतो, फसलोच होतो. नुसत्या एक्सआरडीतलं ते छोटं टोक धरलं असतं तर 'धातुरूप लोह' म्हणून फसलो असतो. दोन्ही समोरासमोर ठेवल्यावर एकच उत्तर उरलं. हा भट्टीतला मळ आहे. लोखंड तापवून ठोकताना जे वितळून खाली साचतं आणि थिजतं, ते. आपल्याकडे त्याला लोहकीट म्हणतात. आयुर्वेदातलं मंडूर ते हेच.

बशीसारखा आकारही जुळला. तो माणूस म्हणाला होता, 'आकाशातून वितळत आल्याची खूण.' प्रत्यक्षात ती लोहाराच्या भट्टीच्या तळाची खूण होती.

नासानं मंगळावर क्युरिऑसिटी रोव्हर पाठवला, तेव्हा ही गोष्ट त्यांना माहीत होतीच. त्यावर केमिन नावाचं एक्सआरडी यंत्र आहे, आणि हाताच्या टोकाला मूलद्रव्यं मोजणारं वेगळं एक्स-रे यंत्र. 2012 मध्ये केमिननं मंगळावरच्या वाळूची पहिली तपासणी केली आणि फेल्डस्पार, पायरॉक्सिन, ऑलिव्हिन ही खनिजं दाखवली. म्हणजे बेसॉल्टचीच भावकी. आपल्या दख्खनच्या दगडाचे लांबचे नातेवाईक तिकडे पण आहेत. पण मुद्दा हा, की एवढ्या लांब, एकेक ग्रॅम वजन मोजून सामान नेतानाही त्यांनी दोन्ही यंत्रं नेली.

आणि लोणारमध्येही असाच धडा आहे. तिथल्या दगडात मॅस्केलिनाइट नावाची काच सापडली, आणि खड्डा ज्वालामुखीचा नसून आघाताचा आहे याचा तो मोठा पुरावा ठरला. ही काच म्हणजे मूळचं फेल्डस्पारच. किराणा यादी तीच. पण आघाताचा धक्का इतका जबर, की अणूंची रांग मोडली. नुसती यादी वाचणाऱ्याला तिथे काही घडलंय हे कळलंच नसतं.

मी दोन्ही रिपोर्ट घेऊन गावी गेलो. मामाला कसं सांगायचं, वाटभर जुळवत होतो. शेवटी ओसरीवर बसून शिरा-लाडूचं उदाहरणच सांगितलं. मामानं सगळं ऐकून घेतलं. मग बराच वेळ दगडाकडे बघत राहिला. म्हणाला, 'म्हंजे काईच नाई?'

तेव्हा आतून आजी बोलली. 'त्या बांधावर लोहाराची पालं पडत होती. मी लगीन होऊन आली तवा विळे तिथूनच शेवटून घेत होतो.'

सगळे गप्प. मग मामीच म्हणाली, 'मंग काईच नाई कसं? आपल्या वावरातला लोहार निंगाला.' आणि हसली. मामा पण हसला, जरा उशिरा.

उरलेले पैसे आम्ही दिले नाहीत. गेलेले पंधरा हजार गेले. त्या माणसाचा फोन बंद लागतो. तक्रार दिली आहे. पोत मी सोडवून आणली. त्याचं कौतुक नको, कारण ती माझ्याच पाच शब्दांनी गेली होती.

आता कामाच्या गोष्टी, स्क्रीनशॉट काढून ठेवा. कुणी तुमच्या घरच्यांना 'उल्का' विकायला किंवा विकून द्यायला आलं, तर पहिलं म्हणजे आगाऊ पैसे मागितले की विषय संपला. दुसरं, दगडात बुडबुड्यांची भोकं दिसली तर संशय घ्या, उल्केत ती क्वचितच असतात. तिसरं, चुंबक चिकटला म्हणजे काहीच सिद्ध होत नाही, आपल्या बेसॉल्टमध्येही मॅग्नेटाइट असतं. चौथं, आकडे दाखवले तर विचारा: यंत्र कुठल्या मोडवर होतं, आणि निकेल किती? पाचवं, तुकडा तोडू देत नसेल तर का देत नाही ते विचारा. आणि खरंच शंका असेल तर जवळच्या भूशास्त्र विभागात किंवा भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाकडे जा.

आणि एक आपल्यासारख्यांसाठी, म्हणजे घरातल्या 'शिकलेल्या' पोरांसाठी. गावाहून फोन येतो, 'तुले समजते त्यातलं.' तेव्हा चहा खाली ठेवा. समजत नसेल तर म्हणा, 'मामा, मला दोन दिवस दे.' तेही पाचच शब्द आहेत.

तो दगड आता मामाच्या घरी दाराला टेकण म्हणून आहे. कुणी विचारलं की मामा ऐटीत सांगतो, 'लोहकीट हाये. एक्स-रे काढेल हाये त्याचा.'

भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. तुमच्या घरी असा कुठला दगड असेल तर आम्हाला जरूर सांगा. फक्त भाव विचारू नका!